पाच सेंटांची मालकीण

2003 साली अमेरिकेत जॅकी कूगनचं एक चरित्र प्रसिद्ध झालं. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधला ढगळ पँट आणि तिरकी टोपी घातलेला तो पोरगा आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांच्या प्रेक्षकांनाही चांगला ओळखीचा आहे. चरित्र लिहिणाऱ्या बाईंचं नाव डायना सेरा कॅरी. वय तेव्हा चौऱ्याऐंशी. कूगनवर लिहिण्याचा अधिकार त्यांना वाचनातून आणि मुलाखतींतून तर मिळालाच होता, पण त्याहून मोठा अधिकार जुना होता. 1920च्या दशकात हॉलिवूडमध्ये पोराटोरांची म्हणून जी नावं पोस्टरवर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली जात, त्यांत एक जॅकी कूगन होता आणि दुसरी बेबी पेगी. ही बेबी पेगी म्हणजेच डायनाबाई.

बालकलाकारांचं पुढे काय झालं, हा आपल्या वाचकांचा आवडता विषय आहे. 'तेव्हा' आणि 'आता' असे दोन फोटो शेजारी शेजारी छापायचे, खाली चार ओळी लिहायच्या, कोणी व्यसनात गेला, कोणी दुकान काढलं, कोणी परदेशी गेलं, झालं काम. असल्या मजकुरात मधली सगळी वर्षं गळून जातात. बेबी पेगीची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती त्या मधल्या वर्षांसाठी. ती एकशे एक वर्षं जगली. प्रसिद्धीचा काळ होता जेमतेम चार-पाच वर्षांचा, तोही वयाच्या सातव्या वर्षाच्या आत संपलेला. उरलेली नव्वदेक वर्षं तिनं त्या चार-पाच वर्षांचा हिशेब लावण्यात घालवली, आणि तो हिशेब स्वतःच्या हातानं लिहून ठेवला. चित्रपटाच्या इतिहासात अशी माणसं फार थोडी आहेत.

पेगी-जीन माँटगोमेरीचा जन्म 29 ऑक्टोबर 1918चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. वडील जॅक माँटगोमेरी हाडाचे काउबॉय. गुरं राखायची कामं संपत चालली तेव्हा घोड्यावरची मांड घेऊन असे अनेक जण हॉलिवूडला आले, त्यांतलेच एक. टॉम मिक्स या त्या काळच्या मोठ्या वेस्टर्न नायकाच्या जागी घोड्यावरून पडायचं, उड्या मारायच्या, असली कामं ते करत. पडद्यावर चेहरा दिसायचा नायकाचा, हाडं मोडायची यांची. घरात बायको मॅरियन आणि दोन मुली, थोरली लुईज आणि धाकटी पेगी.

पेगी एकोणीस महिन्यांची असताना आईबरोबर सेंच्युरी स्टुडिओत गेली होती. तिथल्या दिग्दर्शकाला दिसलं की हे मूल सांगितलं तिथे बसतं, हाक मारेपर्यंत हलत नाही, रडत नाही. स्टुडिओकडे ब्राउनी नावाचा एक शिकवलेला कुत्रा होता, त्याच्या विनोदी लघुपटांना जोडीला एक मूल हवं होतं. 1921मध्ये पहिला लघुपट झाला आणि चालला. पुढच्या तीनेक वर्षांत असे सुमारे दीडशे लघुपट झाले. कपाळावर सरळ कापलेले काळेभोर केस, मोठे डोळे आणि मोठ्या माणसांची हुबेहूब नक्कल, ही तिची ओळख. 'कारमेन ज्युनियर'सारख्या लघुपटांत त्या काळच्या नावाजलेल्या नट-नट्यांचे हावभाव ती करून दाखवी आणि थिएटर हसून लोटपोट होई. चार वर्षांच्या मुलीला मादक नटीची नक्कल करायला लावणं आज आपल्याला खटकतं. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांत आपण तेच पाहतो, तेव्हा मात्र ते खटकत नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं.

काम आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला आठ तास. शाळा नाही. जॅक माँटगोमेरींचा मुलांना वळण लावण्याबाबत एक ठाम सिद्धान्त होता. मूल आणि घोडा, दोघांनाही एका शब्दात ऐकायची सवय हवी. मुलगी यशस्वी का झाली, असं कोणी विचारलं की ते तिच्या हुशारीचं नाव घेत नसत. ती सांगितलेलं ऐकते म्हणून यशस्वी झाली, असं ते सांगत. मला हे त्या साऱ्या कहाणीतलं सर्वांत क्रूर वाक्य वाटतं, कारण ते त्यांनी प्रेमानं आणि अभिमानानं म्हटलेलं होतं. मुलीच्या अंगी जे होतं ते त्यांनी स्वतःच्या नावावर जमा करून टाकलं. पैसे त्यानंतरची गोष्ट.

ऐकणं म्हणजे काय, ते त्या सेटवर काय चाले यावरून कळतं. 1923च्या 'द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क'मध्ये आगीचा प्रसंग होता. खोलीभर रॉकेल शिंपडलं होतं. पेगीनं खोलीत अमुक करायचं, मग तमुक दारानं बाहेर पडायचं, असं आधी समजावून झालं होतं. कोणीतरी ठरल्या वेळेच्या आधीच आग लावली. बाहेर पडायची वाट पेटली. कॅमेरा चालू, मोठी माणसं कॅमेऱ्याच्या अलीकडे, आणि पलीकडे पाचव्या वर्षात नुकतंच पाऊल टाकलेलं पोर. तिनं दुसरी वाट शोधली, पेटत्या खिडकीतून बाहेर आली. ओरडली नाही, कारण शॉट चालू असताना ओरडायचं नसतं हे तिला शिकवलेलं होतं. दुसऱ्या एका लघुपटात तिला समुद्राच्या पाण्याखाली इतका वेळ धरून ठेवलं होतं की तिची शुद्ध हरपली. धावत्या गाडीचे, आगगाडीचे प्रसंगही तिनं स्वतःच केले. बदली माणूस वापरायचा तर तेवढ्या उंचीचं दुसरं मूल आणावं लागलं असतं. ज्या बापाची सारी उमेद दुसऱ्याच्या जागी पडण्यात गेली, त्याच्या मुलीच्या जागी पडायला कोणी नव्हतं.

1923मध्ये ती युनिव्हर्सलच्या मोठ्या चित्रपटांत आली. पुढच्या वर्षी सॉल लेसर या निर्मात्याकडे. वर्षाला 15 लाख डॉलरच्या कराराच्या बातम्या छापून आल्या. 'कॅप्टन जॅन्युअरी' आणि 'हेलेन्स बेबीज' हे चित्रपट त्याच काळातले. 'कॅप्टन जॅन्युअरी' आजही पाहायला मिळतो. एक म्हातारा दीपगृहाचा रखवालदार आणि समुद्रातून वाहून आलेली, त्यानं वाढवलेली मुलगी, अशी ती गोष्ट. पुढे 1936मध्ये तीच गोष्ट शर्ली टेंपलला घेऊन पुन्हा काढली गेली, पण मला पेगीचा मूकपट जास्त भावतो. शर्ली टेंपल प्रेक्षकांकडे पाहते, तिला ठाऊक असतं की आपण आवडतो आहोत. पेगी समोरच्या नटाकडे पाहते. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला की तिचा चेहरा आधी थांबतो, मग बदलतो. समोरच्या मोठ्या माणसाची मर्जी क्षणाक्षणाला वाचत राहणारं मूल असंच पाहतं. तिचं वाचन अचूक होतं, आणि त्यालाच लोक अभिनय म्हणत होते. बापानं काही म्हणो, ती गुणी होती.

बेबी पेगीच्या नावानं बाहुल्या निघाल्या, दागिने निघाले, गाण्यांची नोटेशनं निघाली. 1924मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा पक्षाचं शुभचिन्ह म्हणून तिला व्यासपीठावर आणलं, शेजारी फ्रँकलिन रूझवेल्ट. घरी मोटारी आल्या, मोठं घर आलं, कपडे आले. दोन मुलींच्या शिक्षणासाठी म्हणून एक पैसाही बाजूला काढलेला नव्हता.

मग 1925मध्ये एका भांडणात सगळं कोसळलं. पैशावरून जॅक माँटगोमेरी आणि लेसर यांचं बिनसलं आणि करार मोडला. शब्दाला शब्द वाढवणारा बाप ज्या पोरीच्या मागे उभा आहे, तिला घ्यायला दुसरं कोणी पुढे आलं नाही. सहा वर्षांच्या मुलीची कारकीर्द तिच्या कोणत्याही चुकीशिवाय संपली. तिला ते कोणी नीट समजावूनही सांगितलं नाही. तिनं आपल्या परीनं एकच अर्थ लावला असणार, की आपलं काहीतरी चुकलं.

यापुढची चार वर्षं व्होडव्हिलची. गाणी, नकला, जादू, कसरती असा मिश्र कार्यक्रम गावोगावच्या थिएटरांतून करत फिरायचं. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांसारखंच, फक्त इथे कंपनी म्हणजे एकच कुटुंब आणि पोशिंदी एकच मुलगी. रेल्वेगाड्या, हॉटेलं, दिवसाला अनेक प्रयोग. आजारी असली तरी प्रयोग चुकवायचा नाही. एका प्रयोगाबद्दल तिच्या हातावर एक निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं ठेवलं जाई. ज्या पैशावर घर चाललं होतं त्यातला तिच्या हातावर पडलेला तेवढाच भाग. पुढे लाखो डॉलर बुडाल्याची चर्चा लोक करत, पण ते लाखो डॉलर तिनं कधी पाहिलेच नव्हते. तिनं पाहिलं होतं ते हे नाणं.

पैसा कसा गेला? थोडा उधळपट्टीत, थोडा वडिलांच्या व्यवहारातल्या भागीदारांनी खाल्ला, थोडा हिशेब पाहणाऱ्या नात्यातल्याच माणसानं पळवला. उरलासुरला वायोमिंगमधल्या रँचमध्ये घातला होता, तो 1929च्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतर गेला. पेगी तेव्हा अकरा वर्षांची. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब हॉलिवूडला परतलं आणि चित्रपट उद्योगाच्या मदतनिधीकडून अन्नाची कुपनं घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. आईवडिलांना वाटत होतं, पेगीला पुन्हा उभं करता येईल. ती गर्दीतल्या कामांसाठी रांगेत उभी राहिली. जिच्या नावानं बाहुल्या विकल्या गेल्या होत्या ती दहा-बारा वर्षांनी त्याच स्टुडिओंच्या फाटकावर एक्स्ट्रा म्हणून नाव पुकारायची वाट पाहत होती. याच काळात ती लॉलर प्रोफेशनल स्कूलमध्ये शिकली. तिथे तिच्या आसपास मिकी रूनी, जुडी गारलंड अशी उद्याची नावं होती. 1938नंतर तिनं पडदा सोडला. तिला तो काळ मनापासून नकोसा झाला होता.

त्याच 1938 साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयात एक खटला दाखल झाला होता आणि सगळ्या अमेरिकेत तो गाजत होता. फिर्यादी जॅकी कूगन, वय तेवीस. प्रतिवादी त्याची सख्खी आई आणि सावत्र वडील.

कूगनचं बालपण पेगीपेक्षा सुखाचं होतं. 'द किड'मधला तो प्रसिद्ध प्रसंग, अनाथाश्रमाची माणसं पोराला ट्रकमध्ये टाकतात आणि तो हात पसरून चार्लीला आळवतो, त्याची गोष्ट चॅप्लिननं आत्मचरित्रात सांगितली आहे. पोरगा काही केल्या रडेना. मग त्याच्या वडिलांनी त्याला बाजूला नेऊन दम भरला, नाही रडलास तर खरंच अनाथाश्रमात पाठवीन. पोरगा धाय मोकलून रडू लागला. शॉट झाल्यावर चॅप्लिननं त्याची समजूत घातली, तर जॅकी म्हणाला की बाबा उगाच गंमत करत होते हे मला माहीत होतं. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा बापावरचा एवढा विश्वास. त्या वडिलांनी पुढे पोराच्या कमाईची नीट काळजीही घेतली, असं कूगन शेवटपर्यंत मानत राहिला.

1923मध्ये मेट्रो स्टुडिओनं त्याला पाच लाख डॉलर नुसते करारावर सही करण्याबद्दल दिले. बालपणीची एकूण कमाई 30 ते 40 लाख डॉलर असावी असा अंदाज केला जातो. मे 1935मध्ये मेक्सिकोतून शिकार करून परतताना मोटार उलटली. वडील आणि आणखी तिघं ठार झाले, जॅकी एकटा वाचला. त्याच वर्षी तो एकवीस वर्षांचा होणार होता. त्याला वाटलं होतं, आता आपले पैसे आपल्याला मिळतील. आईनं दरम्यान कुटुंबाचा व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टीनशी लग्न केलं, आणि दोघांनी पैसे द्यायचं नाकारलं. आईचं म्हणणं साधं होतं. एकवीस वर्षांच्या आत मूल जे कमावतं ते आईबापाचं. आणि काम कसलं, तो तर कॅमेऱ्यापुढे खेळत होता.

कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यानं ती चुकत नव्हती. अज्ञान मुलाच्या कमाईवर आईवडिलांचा हक्क, हा नियम शेतावर राबणाऱ्या, दुकानात हाताशी असणाऱ्या पोरांच्या काळात झालेला होता. त्या मुलांच्या कमाईवर घर चाले आणि घरही मुलाला वाढवे. दहा वर्षांच्या मुलानं कमावलेलं सगळं घर तीस वर्षं चैनीत जगेल एवढं असू शकतं, हे त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हतं. न्यायालयानं मालमत्ता गोठवली तेव्हा शिल्लक निघाली सुमारे 2,52,000 डॉलर. 1939मध्ये तडजोड होऊन त्यातला अर्धा वाटा, 1,26,000 डॉलर, जॅकीला मिळाला. त्यातूनही वकिलांचे पैसे गेले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं नवा कायदा केला. लोक त्याला 'कूगन कायदा' म्हणू लागले. बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग विश्वस्तनिधीत ठेवण्याची तरतूद त्यात होती. पण न्यायालयानं मंजूर केलेल्या करारांनाच तो लागू होता आणि बहुसंख्य करार न्यायालयाच्या दारापर्यंत जातच नसत. त्यामुळे पुढची साठ वर्षं अनेक मुलांच्या वाट्याला तेच आलं. 2000 साली कायदा सुधारला. कमाई मुलाची स्वतःची, आणि तिच्यातले 15 टक्के त्याच्या नावे अडकवून ठेवायचे, असं स्पष्ट झालं.

कूगनचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो, तो सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी हवाई दलात ग्लायडर चालवत होता. 5 मार्च 1944च्या रात्री आसाममधल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेट यांच्या 'चिंदित' सैनिकांना घेऊन ग्लायडरांचा ताफा ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे, जंगलातल्या एका मोकळ्या जागेत उतरला. त्या मोहिमेत कूगन होता. वीस वर्षांनंतर 'द अॅडम्स फॅमिली' या दूरचित्रवाणी मालिकेत तो टक्कल केलेला अंकल फेस्टर झाला आणि नव्या पिढीला तेवढाच माहीत राहिला. 1984मध्ये तो गेला.

पेगीच्या वाट्याला खटलाही नव्हता आणि कायद्यावर नावही नव्हतं. 1938मध्येच घरातून सुटका म्हणून तिनं गॉर्डन एअर्स या नटाशी लग्न केलं, ते दहा वर्षांत मोडलं. तिनं टेलिफोनच्या स्विचबोर्डवर काम केलं, पुस्तकांच्या दुकानात काम केलं. कोणी ओळखलं, 'तू ती बेबी पेगी ना?' असं विचारलं, की तिला ते सहन होत नसे. मन:स्तापाचे, घाबरण्याचे झटके येत. ती कॅथलिक झाली आणि तिनं डायना सेरा हे नाव घेतलं. 1954मध्ये चित्रकार बॉब कॅरी यांच्याशी तिचं दुसरं लग्न झालं, आणि हा संसार टिकला. मेक्सिकोत त्यांनी बरीच वर्षं काढली. 1961मध्ये मुलगा झाला.

इथून पुढे मी तिला डायनाबाई म्हणेन. त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा विषय म्हणून स्वतःला निवडलं नाही. 1975चं त्यांचं पहिलं पुस्तक 'द हॉलिवूड पॉसी' हे घोड्यांवरच्या त्या काउबॉय स्टंटमनांचं आहे, म्हणजे वडिलांच्या जमातीचं. वेळप्रसंगी स्वतःची हाडं मोडून घेणारी, उद्या काम मिळेल की नाही याची खात्री नसणारी, पडद्यावर नाव न येणारी ती माणसं. ज्या बापानं आपल्याला राबवलं त्याच्या जगाकडे इतक्या आपुलकीनं पाहणारं पुस्तक लिहायला मन फार मोठं लागतं. आणि ते लिहिल्यावरच त्यांना बापाचं वागणं कळू लागलं असावं, असं मला वाटतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या जागी पडणाऱ्या माणसाच्या घरात एके दिवशी दीड-दोन वर्षांची पोर त्याच्या कैक पटींनी कमावू लागली. त्यानं घोड्यावरचा ताबा सोडून पोरीवर ताबा धरला, कारण त्याच्याकडे करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर 1978मध्ये 'हॉलिवूड्स चिल्ड्रन', साऱ्या बालकलाकारांच्या पिढीचं पुस्तक. आणि 1996मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास, स्वतःचं आत्मचरित्र. साठ वर्षं त्या मुलीशी त्यांचं जमत नव्हतं. बेबी पेगी हा शब्द काढला तरी अंगावर काटा येई. लिहिता लिहिता त्या मुलीची बाजू त्यांना दिसू लागली. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. ती घरातल्या चार माणसांचं पोट भरत होती, आणि हे तिला तेव्हाच कळत होतं. आत्मचरित्रातला सर्वांत जड भाग तोच आहे. पैसे गेल्याचं दुःख मागाहून येतं. तान्ह्या वयात आपण थांबलो तर घर थांबेल, हे ओझं मात्र तिथल्या तिथे अंगावर येतं आणि त्याची भरपाई कोणत्याही विश्वस्तनिधीतून होत नाही.

बालकलाकाराचा प्रश्न निर्मात्याच्या शोषणाचा असतो तेवढाच तो घरातल्या सत्तेचा असतो, असं मला या दोघांच्या आयुष्यांवरून वाटतं. मुलाच्या वतीनं करारावर सही करणारा माणूस आणि मुलाच्या कमाईवर जगणारा माणूस एकच असतो. कारखान्यातल्या कामगाराची युनियन असते, मालक वेगळा असतो. या मुलाचा मालक त्याला रात्री पांघरूण घालतो. त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची?

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. 1954च्या 'बूट पॉलिश'मधली बेबी नाझ कान महोत्सवात विशेष उल्लेख मिळवून आली. जगभर तिचा चेहरा पोचला. मोठेपणी तिच्या वाट्याला दुय्यम भूमिका आल्या, आणि श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांना तिनं आवाज दिला. सभागृह ज्या आवाजावर टाळ्या वाजवत होतं तो कोणाचा हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हतं. 'सलाम बॉम्बे'तल्या मुलाला, शफीक सय्यदला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर तो बंगळुरूमध्ये रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवणं कमीपणाचं नाही, आणि त्याच्यावरच्या बातम्यांतला कीव करण्याचा सूर मला कधी पटला नाही. खटकतं ते एवढंच की जगभर गाजलेल्या कामातून पुढची वाट तयार करण्याची जबाबदारी त्या वयाच्या मुलावरच सोडली गेली.

मराठीत दोन नावं वेगळी निघाली. 'हा माझा मार्ग एकला'मधले मास्टर सचिन आणि 'छोटा जवान'मधले महेश कोठारे. सचिन पिळगांवकर 'गीत गाता चल', 'बालिका बधू'मध्ये नायक झाले. कोठारेंनी कायद्याची पदवी घेतली, वकिलीही केली. पण दोघांचाही खरा दुसरा डाव सुरू झाला तो कॅमेऱ्यामागे गेल्यावर. 'नवरी मिळे नवऱ्याला', 'अशी ही बनवाबनवी', इकडे 'धूमधडाका', 'झपाटलेला'. लहानपणी दुसऱ्याच्या सूचना ऐकत उभी राहिलेली मुलं पुढे सूचना देणाऱ्याच्या खुर्चीत बसली. डायनाबाईंनी टंकलेखनयंत्रापुढे बसून जे केलं ते याहून फार निराळं नव्हतं.

आपला कायदाही आता काही बोलतो. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात 2016मध्ये दुरुस्ती झाली, त्यात चित्रपट, मालिका, जाहिराती यांत मुलांना काम करायला मुभा ठेवली आहे, अट ही की शिक्षणावर परिणाम होता कामा नये. 2017च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि कमाईच्या किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायची, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळेल. कॅलिफोर्नियाच्या 15 टक्क्यांपेक्षा आपला आकडा मोठा आहे, याचा मला आनंद आहे. पण तिथे बाकीची रक्कमही मुलाचीच असं कायदा सांगतो. आपल्याकडे त्या उरलेल्या 80 टक्क्यांबद्दल हे नियम गप्प आहेत. आणि एफडीची पावती कोणाच्या कपाटात आहे, हे मुलाला विचारून पाहा.

शिवाय आता सेट घरातच आला आहे. आईच मोबाइल धरते, बाबा प्रकाशयोजना पाहतात, आणि बाळाच्या पहिल्या पावलापासूनचे व्हिडिओ पैसे मिळवतात. अमेरिकेत इलिनॉयनं जुलै 2024पासून अशा मुलांच्या कमाईचा वाटा राखून ठेवायचा कायदा लागू केला. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर 2024मध्ये कूगन कायद्याची छत्री या मुलांवरही धरली. आपल्या राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं मार्गदर्शक तत्त्वांत समाजमाध्यमांचा समावेश केला आहे. पण घराच्या दिवाणखान्यात जिल्हा दंडाधिकारी यायचे कधी? तिथे पाच तास मोजणारं कोणी नाही. जॅक माँटगोमेरींना निदान सकाळी पोरीला घेऊन स्टुडिओपर्यंत जावं तरी लागे.

डायनाबाई उतारवयात या सगळ्याविषयी बोलत राहिल्या. जुन्या बालकलाकारांनी मुलांसाठी उभारलेल्या 'ए मायनर कन्सिडरेशन' या संस्थेच्या कामाला त्यांनी साथ दिली. दरम्यान त्यांचे हरवलेले चित्रपट सापडत होते. सेंच्युरी स्टुडिओला 1926मध्ये लागलेल्या आगीत बरेचसे लघुपट नष्ट झाले होते. जे उरले ते जगभरच्या संग्रहालयांतून, खासगी डब्यांतून एकेक करून बाहेर आले. 'कॅप्टन जॅन्युअरी', 'हेलेन्स बेबीज', 'द फॅमिली सीक्रेट' पुन्हा पडद्यावर लागले, आणि नव्वदी ओलांडलेल्या डायनाबाई महोत्सवांतून प्रेक्षकांबरोबर बसून ते पाहत, नंतर प्रश्नांना उत्तरं देत. 2012मध्ये त्यांच्यावर एका डच दिग्दर्शिकेनं माहितीपट केला. लोकांना त्या मूकपटांच्या काळातल्या शेवटच्या जिवंत तारका म्हणून हव्या असत. त्या मात्र इतिहासकार म्हणून बोलत. कोणत्या स्टुडिओत कोण होतं, करारात काय लिहिलं होतं, स्टंट कसा बसवला होता, हे त्या तपशिलानं आणि तारखेनिशी सांगत.

2017मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. वय नव्व्याण्णव. विषय मेक्सिकोच्या इतिहासातला, हॉलिवूडशी काही संबंध नाही. 24 फेब्रुवारी 2020 रोजी कॅलिफोर्नियातल्या गस्टीन या लहानशा गावी त्या वारल्या. तोवर त्यांच्या नावावर बेबी पेगीच्या चित्रपटांखेरीज पाच पुस्तकं जमा झाली होती, आणि ती लिहायला त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.